त्रेचाळीस फटाकड्या

परचुरे सर उपमा खात होते आणि मी त्यांच्यासमोर बसून चहाच्या गाळणीत मांजराची विष्ठा धूत होते. कॅम्पात टेबल एकच होतं, त्यामुळे हे रोजच असं व्हायचं. विष्ठा आदल्या दिवशी साबणाच्या पाण्यात भिजत घालायची, सकाळी गाळणीत ओतायची, बोटांनी चोळायची आणि जे वर उरेल ते चिमट्यानं वेचून कागदावर मांडायचं. उंदराचे दात, सरड्याचे खवले, केस. वासाची सवय होते असं लोक सांगतात. मला नऊ दिवसांत झाली नव्हती. सरांना तो वास मुळात येतच नसावा.

"काय निघालं?" त्यांनी तोंडात घास असतानाच विचारलं.

"उंदराचे दोन दात. आणि एक पीस."

"कुणाचं?"

मी पीस उजेडाकडे धरलं. तपकिरी, कडेला तांबूस, माझ्या नखाएवढं. "फटाकडीचं वाटतंय, सर."

"वाटतंय असं लिहायचं नसतं. 'ओळख पटली नाही' असं लिही."

"विष्ठा ताजी आहे, सर. वाटेवर सापडली तेव्हा ओली होती."

"इथं दव पडतं. जुनी विष्ठाही ओली होते," सर म्हणाले आणि त्यांनी उपम्यावर आणखी लिंबू पिळलं.

मी वहीत 'ओळख पटली नाही' असं लिहिलं.

ही सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. टिलांग बेट पोर्ट ब्लेअरहून बोटीनं दीड दिवसावर. पाच किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद, मधोमध डोंगराची धार आणि सगळीकडे असं जंगल की दहा पावलांवरचा माणूस दिसू नये. माणूस वस्तीला नाही. फटाकडी म्हणजे पाणकोंबडीच्या गोतातला लहानसा पक्षी. तिची एक जात फक्त या बेटावर होती, जगात आणखी कुठंही नाही. तिला पंख होते, पण उडायची गरजच कधी न पडल्यामुळे ती उडणं विसरून गेली होती. जमिनीवर चालायची, जमिनीवरच अंडी घालायची. चाळीस वर्षांपूर्वी दीपगृह बांधायला आलेल्या लोकांनी उंदरांसाठी मांजरं आणली आणि जाताना ती इथंच सोडली. मांजरांना उंदरापेक्षा ही चालणारी कोंबडी सोपी पडली.

परचुरे सरांनी तीन वर्षं मांजरं संपवायची मोहीम चालवली होती. पिंजरे लावले, विषाचे गोळे टाकले, आणि शेवटी 'बेट मांजरमुक्त झाले' असा अहवाल दिला. पक्षी गेल्या वर्षी एकदा मोजले होते, आता अखेरची मोजणी करायची होती. वर दिल्लीत ठरलं होतं ते असं: मोजणीत वीसपेक्षा कमी पक्षी भरले तर असतील तेवढे सगळे पकडून पोर्ट ब्लेअरच्या पक्षिगृहात न्यायचे, तिथं त्यांची वीण करायची आणि इकडे मांजरांची मोहीम नव्यानं सुरू करायची. वीसच्या वर भरले तर पक्षी सुरक्षित, काम संपलं. म्हणजे त्या फटाकड्यांचा जीव वीस या आकड्यावर टांगलेला होता.

आम्ही तिघंच होतो. सर, त्यांच्या हाताखाली पीएच. डी. करणारी मी, मिरजेची वृंदा सबनीस, वय सव्वीस. आणि भिकाजी तांडेल. भिकाजीकाका मालवणचे. वीस वर्षं आमच्या संशोधन संस्थेत होते. होडी हाकणं, वाट काढणं, पक्ष्याचं घरटं शोधणं, स्वयंपाक, सगळं त्यांच्याकडे. त्यांना पक्ष्यांची इंग्रजी नावं एकही येत नव्हती आणि त्यांच्याइतके पक्षी संस्थेतल्या एकाही डॉक्टरेटवाल्याला ओळखता येत नव्हते. बिड्या मात्र अखंड ओढायचे.

एवढ्या दाट जंगलात फटाकडी दिसणं कठीण, म्हणून ती ऐकून मोजायची. चार वर्षांपूर्वी सरांनी एका फटाकडीची साद टेपवर घेतली होती. टुक् टुक् टुक् आणि शेवटी कर्रर. ती टेप जंगलात कर्ण्यावर वाजवायची. आपल्या हद्दीत दुसरी आली असं समजून तिथली फटाकडी उलट साद देते. मग किती सादा, कुठल्या दिशेनं, हे नकाशावर मांडायचं. धारेच्या पूर्वेला बारा थांबे माझे, पश्चिमेला बारा भिकाजीकाकांचे. सरांचा गुडघा गेलेला, त्यामुळे ते कॅम्पात बसून नकाशा भरायचे. वेळापत्रक त्यांनीच आखलेलं. मी दर पावतासाच्या ठोक्याला अर्धा मिनिट टेप वाजवायची आणि गप्प बसून ऐकायचं. भिकाजीकाकांनी माझ्यानंतर पाच मिनिटांनी वाजवायची आणि ऐकायचं.

"एकदम का नाही वाजवायची?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"पक्षी गोंधळतात," सर म्हणाले. "त्यांना उसंत मिळायला हवी."

"आणि आमचे कर्णे एकमेकांना ऐकू जातील?"

"मध्ये डोंगर आहे, वृंदा."

डोंगर होता, हे खरंच होतं. मी मान डोलावली.

पहिल्या सकाळी मी टेप वाजवून थांबले आणि चार-पाच मिनिटांनी दुरून, पार झाडीच्या आतून, साद आली. टुक् टुक् टुक्, कर्रर. माझ्या अंगावर काटा आला. मी वहीत खूण केली आणि खरं सांगते, डोळे पुसले. आपण एका संपत आलेल्या पक्ष्याशी बोललो असं मला वाटलं होतं. त्या बावळट पोरीचा मला आज राग येतो, पण तिची थोडी दयाही येते.

नवव्या दिवशी, त्या उपम्यानंतर, सरांनी नकाशावरच्या खुणांची बेरीज केली. माझ्या बाजूच्या चोवीस, भिकाजीकाकांच्या एकोणीस.

"त्रेचाळीस," सर म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून पुन्हा म्हटलं, "त्रेचाळीस! भिकाजी, तो डबा आण."

भिकाजीकाकांनी गुलाबजामचा डबा आणून सुरीनं उघडला. सरांनी स्वतःच्या हातानं आम्हाला वाढले. पाकाचे ओघळ त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेले आणि ते त्यांनी चाटून घेतले. "तीन वर्षांचं काम आहे हे," ते म्हणाले. "लोक म्हणायचे, परचुरे मांजरं मारत बसलाय. आता म्हणा." मलाही आनंद झाला होता. मी दोन गुलाबजाम खाल्ले. भिकाजीकाकांनी वाटी घेतली, पण बाहेर जाऊन ती मुंग्यांना ठेवलेली मी पाहिली. त्यांना गोड आवडत नसेल असं मला वाटलं.

दुपारी सर झोपले. माझ्याकडे एक काम उरलं होतं. प्रत्येक थांब्यावर मी छोटा रेकॉर्डर चालू ठेवत असे, म्हणजे आलेल्या सादाही टेपवर उतरायच्या. त्या ऐकून, प्रत्येकीची वेळ टिपून, प्रबंधाला जोडायच्या होत्या. मी हेडफोन लावले आणि आवाज पूर्ण मोठा केला. कानानं जंगलात जे ऐकू आलं नव्हतं, ते आता येऊ लागलं. किडे, पानं, माझा श्वास. मग साद. टुक् टुक् टुक्, कर्रर. आणि तिच्या मागोमाग, अगदी बारीक, खोकला. खुक.

भिकाजीकाका माझ्या जवळपास आले होते की काय? पण ते धारेच्या पलीकडे होते. मी दुसरी साद लावली. कर्रर, खुक. तिसरी लावली. चौथी दुसऱ्या दिवशीची, दुसऱ्या थांब्यावरची. खुक. फटाकडीला खोकला होत नाही. आणि झालाच असता, तरी चोवीस फटाकड्यांना एकाच ठिकाणी, एकसारखा झाला नसता.

मी आमची मूळ टेप काढून लावली, रोज कर्ण्यावर वाजवत होते ती. अर्ध्या मिनिटाच्या शेवटी, कर्ररच्या पाठीला चिकटून, तो खोकला होता. मी तो शंभर वेळा ऐकला असेन आणि एकदाही ऐकला नव्हता.

भिकाजीकाका मागं भांडी घासत होते. मला बघून ते म्हणाले, "काय गो बाय, तोंड असा कित्याक केलंस?"

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावले. त्यांचे हात राखेनं भरलेले, त्यामुळे ते हात वर धरूनच ऐकत राहिले.

"हो माझोच खोकलो," ते म्हणाले.

"तुमचा?"

"चार वर्सां झाली. सायबान माइक माज्या हातात दिल्यान. मी बिडी वडून इललंय, माका आवराक नाय."

"काका, म्हणजे मी ऐकत होते तो पक्षी नव्हता. तो तुमचा कर्णा होता. आणि तुम्ही ऐकत होता तो माझा."

भिकाजीकाकांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि पुन्हा पातेलं घासायला घेतलं. "सायबाक सांग तू," ते म्हणाले. "तुजा ऐकतले."

सरांना सांगायच्या आधी खात्री करून घ्यावी असं मला वाटलं. मी चुकत असेन, अशी आशाही होती. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं एकत्र निघालो. कर्णा एकच घेतला. माझ्या बाराही थांब्यांवर टेप वाजवली आणि प्रत्येक ठिकाणी दहा-दहा मिनिटं ऐकलं. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावर नाही. जिथं मी डोळे पुसले होते तिथंही नाही. जिथं जिथं मला साद आली होती तिथं समोर धारेला खिंड होती, आणि आवाज तिच्यातून नळातून यावा तसा आरपार येत असणार. चोवीस खुणा मी माझ्या हातानं, पेन्सिलीला टोक काढून, सुबक अक्षरात केल्या होत्या.

अकराव्या थांब्यावर रोज मी वरूनच, ओढ्याच्या खळखळाटात, ऐकत असे; आज आम्ही काठापर्यंत उतरलो आणि टेप संपते न संपते तोच साद आली. इतकी जवळून की मी दचकले. हिच्यात खोकला नव्हता. तिच्या मागून दुसरी, जरा बारीक.

"हलू नको बाय," भिकाजीकाका पुटपुटले. "थंय बग. शेवाळाच्या धोंड्याकडे."

दोन फटाकड्या पाण्यातून चालत आमच्याकडे येत होत्या. नर पुढं, मादी मागं. तांबडी छाती, हिरवट पाय, शेपूट सारखं वरखाली. आम्ही त्यांच्या हद्दीत आलो म्हणून नर चिडला होता आणि मान ताठ करून सरळ आमच्या अंगावर येत होता. माझ्या बुटापासून दोन हातांवर येऊन थांबला. भीती नावाची गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. मांजरासमोरही तो असाच येऊन उभा राहत असणार.

"धरूया काय?" भिकाजीकाका म्हणाले. "कॅम्पात पिंजरे पडले आसत, मांजराचे. धुवन घेतंय, पाल्यान झाकतंय. सांजेपर्यंत दोनय गावतले. उद्या दुपारी बोट इली की घेवन जावया."

"परवानगी लागते, काका. सरकारची. नाहीतर आपल्यावर खटला होईल."

"परवानगी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मांजरां खंय परवानगी घेवन येतत?"

"मी सरांशी बोलते," मी म्हणाले. "सर आज वायरलेसवरून परवानगी काढतील. उद्या सकाळी पकडू."

दुपारी आम्ही पश्चिमेचे थांबे केले. एकही साद आली नाही.

कॅम्पात परतलो तेव्हा उजेड होता. सर टेबलाशी बसून अहवालाचं शेवटचं पान लिहीत होते. शेजारी गुलाबजामचा उघडा डबा, त्यावर माश्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कर्णे, खिंड, खोकला, ओढ्यावरची जोडी. शेवटी म्हणाले, "दोन आहेत, सर. त्रेचाळीस नाहीत. दोन."

मला वाटलं होतं ते हादरतील. निदान माझ्यावर ओरडतील, टेप मागतील. त्यांनी डब्यात चमचा घातला, एक गुलाबजाम माशी झटकून तोंडात टाकला आणि तो संपेपर्यंत चावत राहिले.

"भिकाजीनं सांगितलं वाटतं तुला," ते म्हणाले.

"नाही. मला टेपवर सापडलं."

"हुशार आहेस. मला गेल्या वर्षी भिकाजीनं सांगितलं तेव्हा कळलं."

मला काही क्षण अर्थच लागला नाही. मग लागला. गेल्या वर्षीच्या मोजणीत एकतीस पक्षी भरले होते. यंदाचं वेळापत्रक सरांनी त्यानंतर आखलं होतं. पाच मिनिटांचं अंतर पक्ष्यांच्या उसंतीसाठी नव्हतं. एकाची टेप वाजताना दुसरा गप्प राहून ऐकत असावा, म्हणून होतं.

"तुम्ही मुद्दाम..." मी म्हणाले.

"बस."

"मला बसायचं नाही."

"मग उभी राहा, पण डोकं शांत ठेव. दोन लिहिलं तर काय होईल, याचा विचार केलास? इथं बोटींसाठी मोठा धक्का बांधायचा प्रस्ताव तीन वर्षं कपाटात पडून आहे. तो या पक्ष्यामुळे. दोन पक्षी म्हणजे दिल्लीवाल्यांच्या लेखी शून्य. ते म्हणतील, नेऊन ठेवा पिंजऱ्यात आणि बेट मोकळं करा. सगळं जंगल जाईल. त्रेचाळीस लिहिलं तर जंगल राहील. आणि जंगल राहिलं तर ते दोनही राहतील, दोनाचे चार होतील. तुला पक्षी वाचवायचाय की आकडा?"

"मांजरं आहेत, सर. काल मी पीस काढलं. तुम्ही सुरक्षित लिहिलंत की मांजरांचं काम बंद होईल, आणि महिन्याभरात ती जोडी जाईल. नर माझ्या बुटापर्यंत चालत आला."

"मांजरं संपलीत," सर म्हणाले.

"सर, ती विष्ठा..."

"मांजरं संपलीत असं मी लिहून दिलंय, वृंदा." त्यांचा आवाज चढलासुद्धा नव्हता. "जूनमध्ये मी निवृत्त होतोय. तुझा प्रबंध माझ्या सहीनं जायचाय. तू तपासणी करून आलीस, चांगलं केलंस. आता सही कर आणि हातपाय धुऊन घे. तुझ्या अंगाला वास येतोय."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. कडेला त्यांच्या अंगठ्याचा पाकाचा ठसा उमटला होता आणि तिथं एक मुंगी चिकटून पाय हलवत होती. 'एकूण नोंद : त्रेचाळीस. पक्षी सुरक्षित. पुढील उपाययोजना आवश्यक नाही.' खाली त्यांची सही, आणि तिच्याखाली माझ्या नावासाठी मोकळी ओळ.

मी सही केली.

भीती वाटली, म्हणून केली असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. त्यांचा जंगलाचा मुद्दा मला पटवून घ्यायचा होता, कारण तो पटला की मी भित्री ठरत नव्हते, दूरदर्शी ठरत होते. पेन चिकट झालं होतं. माझ्या बोटांना तो चिकटपणा लागला आणि मी तो जीन्सला पुसला. त्या माणसाची मला त्या क्षणी जेवढी शिसारी आली तेवढी आयुष्यात कुणाची आली नाही. आणि तरीही मी त्यांना 'थँक्यू सर' म्हणाले. कशाबद्दल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजीकाका तंबू सोडत होते. त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "काय म्हणाले सायब?"

"तुम्ही त्यांना गेल्या वर्षीच सांगितलं होतंत."

"सांगलंय. म्हणाले, भिकाजी, तू पक्षी मोज, खोकलो मोजू नको."

"मग मला आधीच का नाही बोललात?"

"तुका आता कळला ना?" ते म्हणाले. "मगे?"

त्यांनी मागून दोन पिंजरे आणले. घासून स्वच्छ धुतलेले, तळाला ओला पाला अंथरलेला. रात्रीतूनच तयार केले असणार. "अजून चार तास आसत," ते म्हणाले. "ओढ्यार जावन येवक दोन पुरे. मी एकटो जातंय. धरले गेलंय तर माजा नाव सांग."

"नको," मी म्हणाले.

"कित्याक?"

"बोटीवर वनखात्याचे लोक असतील. पक्षी सापडले तर विचारतील, त्रेचाळीसांतले दोनच का धरले?"

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मी स्वतःच ऐकत राहिले. सही करून एक दिवसही झाला नव्हता आणि मी त्या आकड्याचा बचाव करायला लागले होते. भिकाजीकाकांनी पिंजऱ्यातला पाला काढून टाकला, पिंजऱ्यांची घडी घातली आणि ते सामानात बांधले.

दुपारी आम्ही किनाऱ्यावर सामान आणून ठेवलं. दीपगृहाच्या पडक्या पायरीवर एक मांजर बसलं होतं. करड्या पट्ट्यांचं, गुबगुबीत, निवांत पंजा चाटत. आम्हाला बघून ते उठलंसुद्धा नाही. सरांनी वाळूतला एक दगड उचलून भिरकावला. मांजर पायरीवरून उतरलं आणि शेपूट वर करून, अजिबात घाई न करता, ओढ्याच्या वाटेला लागलं.

"एखादं राहतंच," सर म्हणाले आणि बोटीच्या दोराला हात घातला.

मी वह्यांची पेटी उचलली आणि त्यांच्यामागून बोटीत चढले.

सरांचा निरोप समारंभ थाटात झाला. त्रेचाळीस हा आकडा त्यांच्या मानपत्रात होता. मांजरांची मोहीम बंद झाली, पिंजरे भंगारात गेले. भिकाजीकाकांनी त्याच वर्षी संस्था सोडली आणि मालवणला गेले. जाताना मला भेटले नाहीत, आणि त्यांना भेटायला जायचं धाडस मला झालं नाही. दीड वर्षानं टिलांगवर दुसरी तुकडी गेली. ती तीन आठवडे राहिली आणि तिला एकही फटाकडी ऐकू आली नाही. ओढ्याच्या काठी, शेवाळाच्या धोंड्याजवळ, एक घरटं आणि अंड्याची टरफलं मिळाली. मग वादळावर खापर फुटलं. त्रेचाळीस पक्षी एका पावसाळ्यात कसे नाहीसे झाले, यावर सरांनी एक लेख लिहिला. तो अजून अभ्यासाला लावतात. सहलेखिका म्हणून माझं नाव आहे. पक्षी उरला नाही म्हटल्यावर बेटावर धक्काही झाला.

सर जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या बेटावरच्या फटाकडीसाठी एक समिती नेमली, आणि या विषयातली ज्येष्ठ म्हणून मला बोलावलं. ही फटाकडी टिलांगच्या फटाकडीची जवळची बहीण; तिच्याही बेटावर मांजरं आहेत. थंडगार खोली, समोर काजूकतलीची बशी. मोजणीचं काम एका तरुण मुलीकडं दिलेलं. तिनं टिलांगचा आमचा अहवाल कोळून प्यायला होता.

"मॅडम, एकच विचारायचं होतं," ती म्हणाली. "त्रेचाळीसवरून एकदम शून्य, हे मला काही केल्या पटत नाही. मोजायच्या पद्धतीत काही दोष राहिला असेल का? तसं असेल तर मी ती वापरणार नाही."

सर नव्हते. प्रबंध अडकायचा नव्हता. खोलीत कुणी मला घाबरवू शकेल असा माणूसच नव्हता. सगळे मलाच घाबरून होते. ती मुलगी पेन उघडून माझ्या उत्तराची वाट बघत होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्यानंतर मी कोण उरले असते, हे मला लख्ख दिसलं, आणि माझी मलाच किळस येत असताना मी तिच्याकडे पाहून हसले.

"पद्धत चोख होती," मी म्हणाले. "बिनधास्त वापर."

तिनं ते लिहून घेतलं. जानेवारीपासून त्या बेटावर मोजणी चालू आहे. परवाच तिचा फोन आला होता. आकडे फार चांगले येताहेत, म्हणाली.